अस्वलाची मुलाखत

लॉस एंजेलिस,
६ मार्च १९६०

ओर्वो,

धाकट्या भावाला लिहिताना आधी आशीर्वाद लिहावा असं आई सांगायची, म्हणून आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असावी. दर रविवारी टेलिव्हिजनवर दिसतोस त्यावरून तरी बरी वाटते. हनुवटीखाली थोडं मांस आलंय, पण तुझे दिवेवाले ते छान लपवतात. माझंही बरं चाललंय. मागच्या अंगणातल्या लिंबाला यंदा भरपूर फळ आलंय, आणि शेजारीण मला न विचारता तोडून नेते. इथलं एवढंच.

तुझं पत्र मिळालं. सात वर्षांनी बहिणीला लिहिलेलं पत्र तू सेक्रेटरीकडून टाइप करून घेतलंस. ‘लाडक्या लेम्पी’ हे शब्द तू तिला तोंडी सांगितलेस, की ते तिच्याकडे तयारच असतात? खाली तेवढी तुझी सही आहे, आणि तीही ‘ऑर्विल’. ऑर्विल नावाचा भाऊ मला नाही. ऑर्विल हेल नावाचा एक गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये आरामखुर्चीत बसतो आणि मोठमोठ्या लोकांच्या घरात कॅमेरे पाठवून त्यांना विचारतो, तुमच्या कुत्र्याचं नाव काय. मी लिहिते आहे ती ओर्वो हाउतालाला. पत्र त्याच्यापर्यंत पोचलं तर पोचलं.

तू लिहितोस की आमचं कार्टून तू बायकोबरोबर थिएटरात पाहिलंस आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. लोकांनी वळून तुझ्याकडे पाहिलं, कुणीतरी ओळखलं, आणि तू उभं राहून सगळ्यांना हात केलास. हे खरं असणार. तुझ्यासारखा स्वतःची टिंगल करून घेणारा माणूस आता दुर्मीळ झाला म्हणे. असं तू स्वतःबद्दल स्वतःच लिहितोस. चष्मा काढून दांडी ओठाला लावायची ती लकब, शेवटचा शब्द खोल आवाजात सोडून द्यायची ती पद्धत, ‘हे माझ्या बहिणीशिवाय कुणाला पकडता आलं असतं?’ असंही लिहितोस. नावांच्या पाटीवर तुला ‘एल. हाउताला’ दिसलं आणि ऊर भरून आला.

तुझा ऊर फार सोयीने भरून येतो, ओर्वो.

ते कार्टून कसं झालं ते तुला वाटतं तसं नाही, म्हणून सांगते. ती कल्पना माझी नव्हती. आमचा दिग्दर्शक बर्नी ओस्ट्रो एका सोमवारी तणतणत आला. आदल्या संध्याकाळी त्याच्या बायकोने त्याला तुझा कार्यक्रम बघायला बसवलं होतं.

“तो माणूस,” बर्नी म्हणाला, “लोकांच्या घरात शिरतो, त्यांचं घर त्यांनाच दाखवतो, आणि वर त्यांच्याकडून आभार मानून घेतो. मला हा कुत्रा म्हणून हवाय. लांब कान, ओले डोळे.”

“आणि मुलाखत कुणाची?” कुणीतरी विचारलं.

“ज्याला मुलाखत द्यायची नाही त्याची,” बर्नी म्हणाला. “म्हातारं अस्वल. त्याला फक्त झोपायचंय.”

खोलीतले सगळे हसले. हेल हा आपल्या लेम्पीचा भाऊ हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक कसं असणार? देशभर खपणाऱ्या मासिकात तू स्वतःच छापून आणलंस की तू एकुलता एक, खाणकामगार बापाने आईविना वाढवलेला. मीही गप्प बसले. ते तुला सांभाळण्यासाठी, असं समजू नकोस. असा भाऊ आहे हे सांगण्याचं मला काही कारण दिसलं नाही.

कुत्र्याचे हात कसे चालतील असं बर्नीने विचारलं तेव्हा मी कागद ओढला आणि काढून दाखवले. आवाज देणारा नट आला, त्याला जमेना. मी त्याला म्हटलं, प्रत्येक वाक्य असं बोल की जणू समोरचा माणूस आजारी आहे आणि तू फळं घेऊन भेटायला आलायस. त्याला लगेच जमलं. बर्नी म्हणाला, “लेम्पी, या माणसाचा तू अभ्यास केलायस.” अभ्यास कसला. तू चालायला लागलास तो माझं बोट धरून. आई गेल्यावर तुझे लोकरीचे मोजे मी रफू करायची, आणि तू मोजे पायात चढवताना आरशात बघायचास.

सात मिनिटांचं कार्टून. मोठ्या चित्रपटाआधी लोक खुर्च्या शोधत असतात तेव्हा दाखवतात. कोल्ह्यांची टोळी तारा घेऊन गुहेत शिरते, अस्वलाचं अंथरूण बाहेर फेकते, गालिचा पसरते, अस्वलाला टाय बांधते. कुत्रा गोड गोड प्रश्न विचारतो. अस्वल गुरगुरतं, खाली अक्षरांत त्याचा अर्थ उमटतो, आणि कुत्रा प्रेक्षकांना भलतंच सांगतो. अस्वल म्हणतं, ‘तुझ्या खुर्चीला आग लागलीय’. कुत्रा म्हणतो, ‘ते आपल्या साबण कंपनीचे आभार मानतायत.’ तू या सगळ्याची तारीफ केलीस. कोल्ह्यांची, गालिच्याची, शेवटी अस्वल तार उपटतं आणि कुत्रा अंधारात एकटाच बोलत राहतो, त्याचीसुद्धा. अस्वलाच्या एका वाक्याबद्दल मात्र तुझ्या दोन पानी पत्रात अवाक्षर नाही. तेवढं एकच वाक्य माझं आहे. म्हणून मला कळलं की तुला ते नीट ऐकू गेलं.

आता तुझ्या मिस फेअरचाइल्डबद्दल.

तुझं पत्र मंगळवारी आलं, आणि मी उत्तर लिहायच्या आत गुरुवारी ही बाई दारात. गळ्यात मोती, हातात मोजपट्टी, मागे कॅमेऱ्याचा एक माणूस. म्हणाली, “मिस हाउताला, आम्ही इतके खूश आहोत.” कशाबद्दल ते मला विचारावं लागलं. तेव्हा कळलं की माझी मुलाखत ठरलीसुद्धा. दोन्हीकडचं बोलणं तिनेच सांगितलं: तू न्यूयॉर्कहून विचारणार, मला कुत्रा का केलंस, आणि मी लाजून म्हणणार, कारण लहानपणी तू माझ्यामागे कुत्र्यासारखा फिरायचास. मग आपण हसणार. मग जाहिरात.

“हे कुणी लिहिलं?” मी विचारलं.

“मिस्टर हेलनी स्वतः.”

“त्यांना तर बहीणच नाही. मासिकात वाचलंय मी.”

ती जराही गडबडली नाही. म्हणाली, “त्याचाही विचार झालाय. तेव्हाचे दिवस वेगळे होते, ते कुटुंबाला सांभाळत होते, असं म्हणायचं. लोकांना ताटातूट झालेले बहीणभाऊ फार आवडतात. शिवाय खरं सांगू का, यंदा प्रेक्षक थोडे घटलेत.”

ती निदान खरं बोलली, म्हणून मी तिला कॉफी दिली. पण ती पिता पिता तिने त्या माणसाला खूण केली, आणि त्याने माझं खिडकीपाशी असलेलं चित्रं काढायचं मेज उचललं. ते तिथे चांगलं दिसणार नाही म्हणे. मी त्याला म्हटलं, “ते खाली ठेव.” त्याने पुन्हा मिस फेअरचाइल्डकडे पाहिलं. मग मी उठले. पुढे काय झालं ते तिने तुला सांगितलंच असेल. मोजपट्टी माझ्याकडे राहिली आहे, पोस्टाने पाठवते.

हे सगळं तुला विनोदी वाटेल. मला वाटलं नाही, कारण घरात शिरून सामान उचलणारी तुझी माणसं मी आधी एकदा पाहिली आहेत.

ईलीला, आपल्या गावच्या घरी, तू कॅमेरे पाठवलेस त्या आठवड्यात मी तिथे होते. बाबांनी बोलावून घेतलं होतं. तारेत एवढंच लिहिलं होतं की ‘ओर्वोचा कार्यक्रम आपल्या घरी आहे, तू ये.’ मी स्टुडिओतून रजा काढून आगगाडीने गेले. तुझी माणसं माझ्याआधीच पोचली होती. गावामागच्या टेकडीवर मनोरा उभा, अंगणात गाड्या, घरभर जाड काळ्या तारा. गिफर्ड नावाचा तुझा व्यवस्थापक आमच्या बैठकीच्या खोलीत उभा राहून बोटाने दाखवत होता, हे जाईल, ते जाईल. बाबांची खुर्ची शेडमध्ये गेली. खाणीतल्या युनियनच्या पहिल्या कमिटीचा फोटो भिंतीवरून उतरला, तिथे उडत्या बदकांचं चित्र लागलं. डुलुथहून भाड्याने आणलेली फुलाफुलांची आरामखुर्ची आली. बाबा भिंतीला टेकून हे सगळं बघत होते. मला वाटलं, आता हे ओरडतील. खाणीच्या मालकापुढे मान न झुकवलेला माणूस. तर ते मला हळूच म्हणाले, “ओर्वोला ही खुर्ची बरी वाटत असेल, तर बसतो की मी. एका संध्याकाळचं काय.”

आदल्या दिवशी तुझा फोन आला होता. मी उचलला म्हणून तू दचकलास.

“तू तिथे काय करतेयस?” हे तुझं पहिलं वाक्य.

“बाबांनी बोलावलं.”

मग तो फळं घेऊन आलेला आवाज काढलास. “लेम्पी, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. तू आत राहा. कार्यक्रमाला पैसे देणारी ही साबणवाली मंडळी लाल रंगाला घाबरतात. तुमच्या स्टुडिओतल्या त्या संपातलं तुझं नाव कुणी उकरून काढलं, तर माझा कार्यक्रम गेला.”

“आणि बाबांचं? ते तर तुझ्या जन्माआधीपासून लाल बावट्याखाली आहेत.”

“बाबा म्हातारे आहेत. म्हाताऱ्यांचं चालून जातं.”

मी फोन ठेवला. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी दाढी करताना दोनदा कापून घेतलं होतं, इतके ते आनंदात होते. ते गिफर्डला दर थोड्या वेळाने विचारत होते, किती वाजता. मी आपली स्वयंपाकघरात जाऊन बसले. गिफर्डला कुणी मी कोण ते सांगितलंच नव्हतं. तो दारात येऊन म्हणाला, “बाई, कॉफी तयार ठेवा आणि भांड्यांचा आवाज करू नका.” जाताना दार लावून घेतलं, पण तारांमुळे ते पुरतं लागलं नाही. त्या फटीतून मला बाबांचा एक खांदा, टायची गाठ आणि फुलाफुलांची खुर्ची दिसत होती.

मग भिंतीलगतच्या खोक्यातून तुझा आवाज आला. पुढचं तुला ठाऊक आहे, आणि तुझ्याबरोबर दोन कोटी लोकांनाही. खाणीत किती खोल जात होता, थंडी किती, मासे कोणते. बाबा मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तरं देत होते, तुझ्या माणसांनी पाठ करून घेतलेली. मग तू चष्मा काढलास. ते मला दिसलं नाही, पण आवाजावरून कळलं.

“बाबा,” तू म्हणालास, “मी तुमचा एकुलता एक, आणि तोही इतक्या लांब. घर रिकामं वाटत असेल, नाही?”

बाबा बोलेनात. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, आणि मुलाला लोकांसमोर खोटं पाडणंही जमणार नव्हतं. गिफर्ड हातवारे करायला लागला. बाबांनी कॅमेऱ्याकडची नजर काढली आणि माझ्या दाराकडे पाहिलं. त्या फटीतून आमची नजरानजर झाली. मग ते वळून, इंग्रजी सोडून, आपल्या घरच्या भाषेत म्हणाले, “पोरगी आत स्वयंपाकघरात आहे.”

शांत, साधं वाक्य. तू कुशीत असल्यापासून ऐकलेली भाषा. आणि तू, ओर्वो, एका श्वासाचाही वेळ न घेता देशाला सांगितलंस, “ते म्हणतायत, तुझी आठवण फार येते, पण तुझा अभिमान वाटतो.”

आवाज भरून आला होता तुझा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं की टेलिव्हिजनवर इतका हृद्य क्षण आजवर कुणी पाहिला नव्हता. त्याबद्दल तुला बक्षीसही मिळालं असं ऐकते.

पण तू एक विसरलास. न्यूयॉर्कला ती भाषा येत नसेल, ईलीला येते. त्या संध्याकाळी आपल्या गावातलं प्रत्येक घर दुकानातल्या नाहीतर शेजाऱ्याच्या संचासमोर बसलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला बाबा काय म्हणाले आणि तू काय सांगितलंस ते दोन्ही कळलं. कुणी बाबांना बोललं नाही. त्यांच्या तोंडावर कुणी कसं बोलेल? ते सहकारी दुकानात शिरले की बोलणी थांबायची, एवढंच. शनिवारी सगळे मिळून बाष्पस्नानाला बसतात, तिथे जाणं त्यांनी महिन्याभरात सोडलं. म्हणाले, वाफ सोसत नाही. चाळीस वर्षं सोसत होती.

तुझी माणसं भाड्याची खुर्ची घेऊन गेली. बाबांची खुर्ची शेडमधून आणायची राहिली, छपरातून बर्फाचं पाणी गळून तिचं लाकूड फाटलं. ते बाकड्यावर बसून दर रविवारी तुझा कार्यक्रम बघायचे. हो, बघायचे. मी नाताळात गेले तेव्हा न राहवून विचारलं, “तुम्हाला राग येत नाही का त्याचा?”

“कसला राग,” बाबा म्हणाले. “तारेत बिघाड होता. त्याला नीट ऐकू आलं नसेल.”

तार स्वच्छ होती. मी खोक्यातून तुझ्या लायटरचा आवाजही ऐकला होता. पण ते प्रत्येकाला हेच सांगत राहिले, कुणी विचारलं नाही तरी. तारेत बिघाड होता. पुढच्या हिवाळ्यात अंगणातला बर्फ काढताना ते गेले. तू आला नाहीस, तुझा कार्यक्रम होता. तू फुलांचं चक्र पाठवलंस, शवपेटीपेक्षा मोठं, त्यावर कार्यक्रमाच्या नावाची रेशमी पट्टी. पाद्रीबाबांना ते कुठे ठेवावं कळेना. शेवटी ते दारामागे उभं केलं.

म्हणून ‘पोरगी आत स्वयंपाकघरात आहे’ हे वाक्य मी अस्वलाच्या तोंडी घातलं. बर्नी म्हणाला, “अस्वलाला स्वयंपाकघर कुठून आलं?” मग स्वतःच हसला आणि म्हणाला, राहू दे, यानेच जास्त मजा येते. थिएटरात त्या जागी सर्वांत मोठा हशा येतो. मी एकदाच गेले बघायला. माझ्या शेजारचा माणूस मांडीवर थाप मारून हसत होता, आणि मला त्याचा राग आला नाही. त्याला काय ठाऊक. सगळ्या देशात एकाच माणसाला त्या जागी हसू येणार नव्हतं, आणि त्याने आपल्या पत्रात बाकी सगळ्याची तारीफ केली.

आता एकच राहिलं. हे मी लिहिणार नव्हते, कारण हे ऐकायची तुझी लायकी आहे असं मला वाटत नाही. पण ते बाबांचं आहे, माझं नाही, म्हणून ठेवून घेता येत नाही.

त्या संध्याकाळी बाबा एक वाक्य बोलले नव्हते. दोन बोलले होते. दुसरं तू ऐकलंच नाहीस, कारण तोवर तू देशाला पहिल्याचा अर्थ सांगायला लागला होतास, आणि तुझ्या आवाजाखाली ते बुडून गेलं. मी दाराआड होते, मला ऐकू आलं. ते म्हणाले, “तिला हाक मार. दोघं बोला माझ्यासमोर.”

तेव्हा मला उलगडलं. तो ताठ म्हातारा त्या टायला, त्या बदकांना आणि त्या खुर्चीला का तयार झाला, मला तार का केली, सारखं किती वाजता का विचारत होता. तुझं ते मासिक छापून आल्यापासून आपण दोघं बोलत नव्हतो. बाबांना कुणी तुझ्या कार्यक्रमाबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांना एवढंच कळलं की कुठल्याशा यंत्राने ओर्वो घरात येणार आहे. मग लेम्पीलाही बोलवावं, म्हणजे दोन्ही पोरं एका खोलीत येतील. त्यांनी तुझ्या कार्यक्रमातून तेवढंच मागितलं होतं.

आणि आता प्रेक्षक घटले म्हणून तू तेच करायला निघालायस. भाऊ, बहीण, एक खोली, मध्ये साबण. नाही, ओर्वो. बाबांना फुकट मिळालं नाही ते मी तुझ्या साबणवाल्यांना विकणार नाही. माझ्या घरात तुझी तार येणार नाही, माझं मेज खिडकीपासून हलणार नाही. मिस फेअरचाइल्डला पुन्हा पाठवू नकोस. पोरगी वाईट नाही, तुझ्याकडे राहून होईल.

हे पत्र तुझ्या सेक्रेटरीने आधी उघडलं, तर तिने ते खुशाल वाचावं. तू वाचून हसशील की चष्मा काढशील, मला कळणार नाही, आणि जाणून घ्यायची हौसही नाही.

तुझी थोरली बहीण, हे कुठेही जाहीर करू नये,
लेम्पी हाउताला